दोन पायऱ्या खाली

परवा भाच्यानं अमेरिकेहून एक फोटो पाठवला. त्याच्या घराच्या दाराच्या मुठीला अडकवलेला कागद. त्यांच्या गावच्या पालिकेनं त्यावर कळवलं होतं की अमुक तारखेला सकाळी सात ते संध्याकाळी पाच तुमच्या रस्त्यावर डांबर पडणार आहे. गाडी आदल्या रात्रीच पुढच्या गल्लीत नेऊन लावा. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवू नका. बागेला पाणी घालू नका, ते वाहत रस्त्यावर येतं. तसदीबद्दल माफी, आणि तळाशी चौकशीसाठी एक फोन नंबर. फोटोखाली भाच्यानं विचारलं होतं, ‘मामा, आपल्याकडं असं कामून नसतं?’

असतं रे बाळा. आपल्याकडंही सूचना येते, फक्त ती कानानं वाचायची असते. सकाळी सव्वासहाला गल्लीच्या तोंडाशी रोलर घरघरतो आणि मुकादमाचा पोऱ्या दारादारावर थापा मारत ओरडत जातो, “गाडी काढा हो, डांबर आलं!” झाली सूचना. तेवढ्यात ज्याची गाडी निघाली त्याची निघाली. ज्याची चावी सापडत नाही आणि धनी न्हाणीत आहे, त्याच्या गाडीभोवती डांबराची सुबक चौकट आखून रस्ता पुढं जातो. अशी एक चौकट माझ्या पाहण्यात आहे, मारुती आठशेच्या मापाची. गाडी कधीच भंगारात गेली. चौकट अजून आहे, पावसाळ्यात तिच्यात बेडूक असतात.

हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, वसमत आणि कळमनुरी या तीन नगरपरिषदा, सेनगाव आणि औंढा नागनाथ या दोन नगरपंचायती. या पाचांपैकी एका गावात माझी आत्या राहते. कुठल्या ते सांगणार नाही, आतेभावाला अजून नळजोडणी घ्यायची आहे.

आत्या बाहत्तरच्या दुष्काळात नवरी होऊन त्या घरात आली. दारात तेव्हा गाडीवाट होती आणि तीन पायऱ्या चढून तिनं माप ओलांडलं. आज त्याच घरात शिरायचं तर दोन पायऱ्या उतरावं लागतं. घर खचलेलं नाही. दगडी जोत्याचं, निजामाच्या अमलातलं घर ते, कशाला खचतंय. रस्ता वर आला. आधी मुरूम पडला, मग खडी, मग डांबर, मग डांबरावर डांबर, मग निवडणूक, मग परत डांबर आणि सरतेशेवटी सिमेंट. दरवेळी रस्ता ‘दुरुस्त’ झाला आणि दरवेळी आत्याची अर्धी-पाऊण पायरी त्यात गेली. “इकास दारात आला म्हनले,” ती म्हणते, “आता तर घरातच यायलाय.”

मागच्या खेपेला तिनं मुकादमाला गाठलं.

“का रे बाबा, माही पायरी कुटं गेली?”

“हाये की माय. खालीच हाये.”

“मंग म्या आता वरून जाऊ का खालून?”

“हळू जा,” मुकादम म्हणाला. माणूस प्रामाणिक होता.

भाद्रपदात महालक्ष्म्या येतात तेव्हा आत्याची सून दारापासून देवघरापर्यंत रांगोळीनं पावलं काढते. ती पावलं आता दोन पायऱ्या उतरत येतात. मोठी सर आली की त्याच वाटेनं नालीचं पाणीही उतरतं, आणि ते पावलं बघून येत नाही. मग आतेभावानं उंबऱ्याबाहेर विटांचा वीतभर बांध घातला. आता आत्या आधी बांध चढते, मग पायऱ्या उतरते. सत्तरी ओलांडलेल्या बाईचा एवढा व्यायाम पालिकेच्या कुठल्याच योजनेत बसत नसूनही फुकट होतो.

डांबरी रस्त्याचा वरचा थर नवा करायची खरी रीत अशी की जुना झिजलेला थर आधी खरवडून काढायचा आणि जेवढा काढला तेवढाच नवा घालायचा. उंची होती तेवढीच राहते. या कामासाठी दातेरी ढोलाचं अजस्र यंत्र असतं. मोठ्या महामार्गांवर ते दिसतं. काकडी किसावी तसा रस्ता किसत जातं आणि किसलेलं डांबर पट्ट्यावरून पुढच्या टिप्परमध्ये ओततं. तो कीस फेकायचा नसतो, तापवून नव्या मालात मिसळून परत वापरता येतो. गल्लीबोळात मात्र हे यंत्र सहसा फिरकत नाही. एक तर ते मावत नाही. दुसरं, अंदाजपत्रकात ‘खरवडणे’ ही ओळच नसते. जी ओळ नाही तिचं बिल नाही, आणि ज्याचं बिल निघत नाही असं काम नारळ फोडल्यापासून आजवर कोणी केल्याचं ऐकिवात नाही. जुन्यावर नवं थापणं सगळ्यांच्या सोयीचं. मोजमाप सोपं, फोटो झकास. अडचण फक्त घरांची, आणि घरं काही निविदा भरत नाहीत.

आता नारळाचा विषय निघालाच आहे. रस्त्याची पहिली खूण खडी नसते, मंडप असतो. शिपाई चार खुर्च्या आणि एक सतरंजी टाकतो. कोरी करकरीत कुदळ येते, तिला हळदकुंकू लागतं, ती जमिनीला हलकेच टेकवली जाते, फोटो निघतो आणि कुदळ परत जीपमध्ये जाते. पुढं दोन महिने शांतता. आपल्याकडच्या नगरपरिषदांवर जवळपास चार वर्षं प्रशासक होते. मग ४ नोव्हेंबर २०२५ला निवडणुका जाहीर झाल्या आणि २ डिसेंबरला हिंगोलीत मतदान झालं. आचारसंहिता लागायच्या आधीचा पंधरवडा कसा गेला ते नारळवाल्यांना विचारा. रस्त्यांना विचारू नका, त्यांना अजून काही कळवलेलं नाही.

शांतता संपते ती रात्री. दोनच्या सुमाराला धडाड् करून टिप्पर रिकामा होतो आणि सकाळी दार उघडावं तर समोर खडीचा डोंगर. ज्याच्या दारात खडी पडते त्याची गंमत बघण्यासारखी असते. आदल्या दिवशीपर्यंत ‘आमच्याकडं रस्ता करा’ म्हणून अर्ज देणारा हाच माणूस आता ‘आमच्याच दारात कशाला’ म्हणून भांडतो. ही खडी तिथं किती दिवस राहील याचा अंदाज बांधू नये. पोरं तिच्यावर किल्ला करतात, शेळ्या उन्हाला बसतात, शेजारी घमेलंभर उचलून न्हाणीचा ओटा करून घेतो. रस्ता सुरू होईस्तोवर निम्मी खडी गल्लीत लागलेली असते, फक्त रस्त्यात नसते.

त्यानंतर जेसीबी. त्याला नळाची लाइन सापडते. नकाशावर ती दुसरीकडं असते, पण जेसीबी नकाशावर विसंबत नाही, तो थेट शोधतो. कारंजं उडतं. चार दिवस टँकर. पाचव्या दिवशी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून पाइप जोडला जातो, वर मुरूम पडतो, आणि पुढची दहा वर्षं बरोबर त्याच जागी रस्ता का खचतो याचं गूढ गावाला उलगडत नाही.

मुरमाच्या दिवसांत घरातल्या प्रत्येक वस्तूचा रंग एक होतो. मार्च-एप्रिल असेल तर बघायलाच नको. मार्चअखेरीला निधी संपवायची घाई असते म्हणून रस्ते निघतात, आणि तेव्हाच हळदही निघालेली असते. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डाकडं हळदीचे ट्रॅक्टर रांगेनं निघालेले, रस्त्याची एक बाजू उखडलेली, उरलेल्या बाजूनं एसटी, टेम्पो आणि वऱ्हाडाची जीप एकमेकांना वाट देण्याचा आग्रह करत उभी. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय. आमच्या धुळीनंही अर्ज करायला हरकत नाही, रंग जवळपास तोच आहे.

आणि मग एके सकाळी ते डांबर येतं. इथं जरा थांबतो, कारण सगळं भविष्य या दोन-तीन तासांत ठरतं आणि नेमके तेव्हा आपण गाडीची चावी शोधत असतो.

गल्लीत पडतो तो थर बहुतेक वेळा वीस मिलिमीटरचा. अंगठा आडवा धरा, तेवढी जाडी. त्याला सगळे कारपेट म्हणतात आणि नाव बरोबरच आहे. त्याच्यात स्वतःची ताकद फारशी नसते. खाली पलंग धड असेल तर चादर छान दिसते. पलंगाचा पाय मोडलेला असेल तर चादरीला बोल लावू नये. खालची खडी-मुरमाची बैठक पाणी पिऊन सैल झालेली असली की वर कितीही काळंभोर कारपेट अंथरा, पहिल्या आषाढात ते बसतं.

दुसरी गोष्ट झाडूची. जुना रस्ता लख्ख झाडून, धूळ फुंकून काढून त्यावर डांबराचा पातळ फवारा मारायचा असतो, म्हणजे नवा थर जुन्याला धरतो. धुळीवरच फवारा मारला तर डांबर धुळीला चिकटतं आणि धूळ कोणालाच चिकटत नाही. महिन्याभरात पापडासारखे पोपडे निघतात. झाडायला अर्धा तास लागतो. पण तो अर्धा तास सकाळी सव्वासहाचा असतो, आणि त्या वेळी साहेब अजून वाटेत असतात.

तिसरी गोष्ट उष्णता. आपल्याकडं चालतं त्या जातीच्या डांबराचा माल हॉटमिक्सच्या भट्टीतून साधारण १५० ते १६५ अंश सेल्सिअसला बाहेर पडतो. अंथरताना तो १४०च्या खाली गेलेला नसावा आणि ९०च्या खाली उतरण्याआधी दबाई उरकलेली असावी, असं रस्त्याचं शास्त्र सांगतं. पिठलं गरम आहे तोवर पातेल्यात कसंही पसरतं, निवलं की वड्या पडतात, तसंच हे. भट्टी गावापासून लांब, टिप्परवरची ताडपत्री फाटकी, वाटेत रेल्वेचं फाटक, आणि डिसेंबरची थंडी. माल गल्लीत येईस्तोवर त्याच्या वड्या पडलेल्या. मग तो फावड्यानं फोडून पसरतात आणि रोलर त्याच्यावरून मायेनं फिरतो. आपल्याकडं तापमापक नसतो, पण डोळे असतात. मालातून निळसर धूर निघत असेल तर तो करपलाय. वाफच नसेल आणि ढेकळं पडत असतील तर तो थंड झालाय. या दोन्हींपैकी काही दिसलं तर साहेबाला विचारावं. साहेब ‘तुम्ही इंजिनिअर आहात का’ असं विचारतील. नाही म्हणून सांगावं, आणि तिथंच उभं राहावं.

उभं राहिलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. त्या एकशेचाळीस अंशांच्या मालाशेजारी बाया घमेली घेऊन वाकलेल्या असतात. चपलांवर पोत्याचे तुकडे सुतळीनं बांधलेले, तोंडाला पदर. लिंबाच्या फांदीला टांगलेल्या झोळीत एखादं लेकरू. सावलीपुरतं ते लिंब त्या रस्त्यावर शिल्लक राहिलेलं असलं तर. त्यांच्यातल्या एकीला आत्यानं चहा दिला होता. ती म्हणाली, “मावशी, तुमची पायरी लई चांगली होती वो दगडाची.” पायरी गेल्याचं दुःख सगळ्या यंत्रणेत फक्त रोजंदारीवरच्या बाईला झालं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

सिमेंटच्या रस्त्याची तऱ्हा वेगळी. त्याचं भांडण पाण्याशी नाही, पाणी न मिळण्याशी आहे. काँक्रीट ओतल्यावर निदान चौदा दिवस ते ओलं ठेवायचं आणि पूर्ण ताकद धरायला अठ्ठावीस दिवस द्यायचे, असा हिशेब. त्यासाठी वर गोणपाट अंथरतात किंवा मातीचे छोटे वाफे करून पाणी साठवतात, भुईमुगाला करावेत तसे. पहिल्या दिवशी टँकर येतो. दुसऱ्या दिवशी बादली येते. तिसऱ्या दिवशी गोणपाट कोणीतरी गोठ्यात नेतं. चौथ्या दिवशी एक मोटारसायकलवाला दोरीखालून वाकून आत घुसतो, त्याला अगदीच जवळ जायचं असतं. जिल्ह्यातला कुठलाही सिमेंट रस्ता नीट बघा. कुत्र्याची पावलं, मोटारसायकलची नागमोडी रेघ, एखाद्या पोराचं नाव आणि खाली बदामाचं चित्र. हजार वर्षांनी उत्खनन झालं तर संशोधक म्हणतील, ही संस्कृती रस्त्यावर लिहीत असे आणि कुत्र्यांना फार मानत असे.

आता थोडं आपल्या मातीबद्दल, कारण कंत्राटदाराचं सगळ्यात आवडतं कारण तेच आहे आणि त्यात तथ्य आहे. आपली काळी कापसाची जमीन. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, वैशाखात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर रस्ता करणं म्हणजे झोपेत कूस बदलणाऱ्या म्हशीच्या पाठीवर पाट मांडणं. म्हणून तर आधी ती माती काढून जाड मुरूम भरायचा, रस्ता मधोमध किंचित उंच ठेवायचा आणि कडेला धड नाली काढायची, म्हणजे पाणी खाली मुरणार नाही. शंभर सेंटिमीटर रुंदीला दोन-अडीच सेंटिमीटर उतार पुरतो. आपल्याकडं उतार असतो, पण तो आत्याच्या घराकडं. माती काळी आहे ही बातमी काही नवी नाही. सातवाहनांच्या आधीपासून ती काळीच आहे, अंदाजपत्रक करणाऱ्याला तेवढी पूर्वसूचना पुरायला हवी होती.

एकाच गल्लीत रस्ता तीन रंगांचा का असतो, असं एकदा एका पाहुण्यानं विचारलं. कारण तो तीन लेखाशीर्षांखाली असतो. पानटपरीपर्यंतचा तुकडा नगरोत्थान योजनेतून, टपरीपासून मारुतीच्या पारापर्यंतचा वित्त आयोगातून, पुढचा जिल्हा नियोजनातून. दोन निधींच्या सांध्यावर वीतभर पट्टी उघडी राहते, कारण तिच्यावर कोणाचाच हक्क सांगता येत नाही. त्या पट्टीत रिक्षा अडकते तेव्हा ती नेमकी कुठल्या लेखाशीर्षात अडकली हे ठरवायला सभा लागते.

आणि ‘रस्ता कोणाचा’ हा तर आपला राष्ट्रीय प्रश्न. पालिकेत जा, ते म्हणतात, हा बांधकाम खात्याचा. बांधकाम खातं म्हणतं, हस्तांतरित केला की मागंच. महामार्गवाले म्हणतात, बायपास झाल्यापासून गावातला आमचा नाही. हिंगोलीवरून अकोला-नांदेडचा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो, त्याला निदान क्रमांक तरी आहे. गल्लीतल्या रस्त्याला क्रमांक नाही, बाप नाही, फक्त आडनावं खूप. निजामाच्या राज्यातल्या कंटिंजंट फौजेची छावणी हिंगोलीत होती तेव्हा पलटणीच्या रस्त्याचा धनी कोण ते शिपायाच्या घोड्यालाही ठाऊक असायचं. रिसाला बाजार हे मोहल्ल्याचं नाव राहिलं, धनी गेले.

या ‘कोणाचा’मुळंच न्यायालयाचं काम वाढतं. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ सालीच सांगून ठेवलंय की धड रस्ता मिळणं हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. सात वर्षं वाट बघून ऑक्टोबर २०२५मध्ये त्याच न्यायालयानं भावच ठरवून दिला. खड्ड्यानं किंवा उघड्या मॅनहोलनं माणूस गेला तर वारसांना ६ लाख, जखमी झाला तर जखमेप्रमाणं ५० हजार ते अडीच लाख, आणि खड्डा कळल्यापासून ४८ तासांत बुजवायचा. आधी पालिकेनं पैसे द्यायचे, मग ज्याच्यामुळं झालं त्याच्याकडून वसूल करायचे. कायद्यानं खड्ड्याची किंमत ठरलेली असताना मुरमाचा ट्रॅक्टर खरं तर स्वस्तच पडतो. तो फिरतोही. कुठलीही मोठी जत्रा, मिरवणूक किंवा मंत्री जवळ आला की फिरतो. पावसात खड्ड्यात मुरूम टाकणं म्हणजे किडलेल्या दाढेत लवंग. सभेपुरती दाढ शांत राहते.

ग्यानबाची मेख त्या ‘कळल्यापासून’ या शब्दात आहे. खड्डा अख्ख्या गावाला कळलेला असतो, फक्त कार्यालयाला कळवलेला नसतो. व्हॉट्सॲपवर खड्ड्याचा फोटो टाकून खाली रडकी तोंडं चिकटवली म्हणजे कळवलं असं होत नाही. कागद, तारीख, आवक क्रमांक, पोच. एवढं केलं की घड्याळ सुरू होतं.

कामाच्या जागी एक फलकही लावायचा असतो. कामाचं नाव, रक्कम, कंत्राटदार, मुदत, आणि दोषदायित्वाचा काळ. हा शेवटचा शब्द पाठ करा, बाकी विसरलात तरी चालेल. रस्ता झाल्यापासून करारात लिहिलेल्या इतक्या वर्षांत तो उखडला तर त्याच कंत्राटदारानं पदरच्या पैशांनी दुरुस्त करायचा, असा त्याचा अर्थ. म्हणून तर तो फलक एवढा लहान, एवढ्या उंचावर आणि बहुधा विजेच्या डीपीमागं असतो. कित्येकदा कंत्राटदाराचा काळ संपायच्या आतच त्याच रस्त्याच्या नव्या कामाची निविदा निघते आणि खड्डे सुखानं एका कंत्राटातून दुसऱ्यात नांदायला जातात.

माहितीचा अधिकार कायदा २००५चा. दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज दिला की तीस दिवसांत मोजमाप पुस्तिकेची प्रत मिळवता येते, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिलाय. म्हणजे तुमच्या दारातल्या डांबराचा तुकडा सरकारी शिक्क्यानिशी मागता येतो. लोकांना हे ठाऊक नाही, आणि गरजही वाटत नाही. श्रावणापर्यंत नमुने आपोआप चाकाला चिकटून घरी येतात.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा उभी राहायची आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्रानं तिला २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल टिपणारं यंत्र. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं धडकली तरी इथं कळणार. ज्या जिल्ह्यात वीतभर खड्डा कळवायला आवक क्रमांक लागतो, तिथं हे यंत्र येतंय ही आनंदाचीच गोष्ट. शास्त्रज्ञांना एकच सांगणं आहे. एखाद्या सकाळी सव्वासहाला काटा जोरात हलला तर विश्वाच्या उत्पत्तीपर्यंत जाण्याआधी शेजारच्या गावात रोलर आलाय का ते विचारून घ्या.

सगळा दोष कार्यालयाचा म्हणावं तर आपणही काही कमी नाही. नवं डांबर पडलं की तिसऱ्या रात्री आपणच टिकाव घेऊन नळाची चोरटी जोडणी घेतो. गणपतीच्या मंडपाचे खांब आपणच रोवतो आणि दहा दिवसांनी खड्डा बाप्पाच्या भरवशावर सोडून येतो. रस्ता गुळगुळीत झाला की पोरं गाड्या पळवतात म्हणून गतिरोधकासाठी अर्ज आपलाच. शास्त्राप्रमाणं गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि जवळपास पावणेचार मीटर रुंद हवा, म्हणजे गाडी त्यावरून लाटेसारखी जाते. आपण उरलेल्या मालाचा हातभर रुंदीचा वरवंटा करून घेतो आणि बाळंतिणीला रिक्षातून नेताना त्यालाच शिव्या घालतो. दारातला उतार नालीकडं न काढता रस्त्यावर काढणारे, रोज गाडी धुऊन पाणी डांबरावर सोडणारे, नालीवर ओटा बांधून ती बुजवणारे, हे कोणी कंत्राटदाराचे नातेवाईक नसतात. डांबराचा खरा वैरी पाणी आहे आणि त्याला दारोदार निमंत्रण देणारे आपणच.

गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला. एक माणूस गल्लीत चुन्यानं रेघा मारून गेला होता. “परत करायलेत रे,” ती म्हणाली. मी सुट्टीचा दिवस बघून गेलो. आतेभावानं टेप धरला. उंबऱ्याच्या दगडापासून रस्ता अकरा इंच वर. समोरच्याचा नऊ, कोपऱ्यावरच्या विधवा बाईचा चौदा. पंधरा घरांची मापं वहीत उतरवली, टेपसकट फोटो काढले, आणि अर्ज लिहिला: आधी जुना थर खरवडा, नवा रस्ता आहे त्या पातळीच्या वर एक इंचही जाऊ देऊ नका, उतार नालीकडं काढा, कामाची तारीख तीन दिवस आधी दारावर कळवा. खाली पंधरा सह्या आणि दोन अंगठे. आवक खिडकीतल्या पोरीनं अर्ज दोनदा वाचला. ‘तारीख कळवा’ या ओळीवर तिला हसू आलं, पण शिक्का तिनं नीट मारला.

तुमच्या गल्लीत चुन्याच्या रेघा दिसल्या तर एवढंच करा. टेप दहा रुपयांनी महाग झाला असेल, पण पायरीपेक्षा स्वस्त आहे. आणि मापं डांबर पडायच्या आधी घ्या, नंतर घेतलेलं माप म्हणजे नुसती हळहळ.

आत्यानं अर्जाची पोच महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांच्या पेटीत ठेवलीय. आतेभाऊ तिसऱ्या पायरीसाठी विटांचा भाव काढायलाय.